मफ आणि मफलर : लंडनच्या थंडीतली एक पायपीट

डिसेंबरची थंडी पडू लागली की आपल्याकडे कपाटाच्या वरच्या फळीवरून दोन वस्तू खाली येतात. एक माकडटोपी आणि दुसरा मफलर. पहाटे फिरायला निघालेल्या आजोबांपासून रात्रपाळीच्या पहारेकऱ्यापर्यंत मफलर सगळ्यांच्या गळ्यात दिसतो. हा शब्द इंग्रजीतून आला, हेही आता कुणाच्या लक्षात येत नाही. पण या मफलरचा एक श्रीमंत भाऊबंद होता, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. त्याचे नाव 'मफ'. जुन्या फ्रेंच भाषेत जाड हातमोज्याला 'मूफ्ल' म्हणत. मफ आणि मफलर हे दोन्ही शब्द त्याच कुळातले.

मफ म्हणजे फरची जाडजूड नळी. आपल्या बैठकीवरचा छोटा लोड आतून पोकळ केला, त्याला बाहेरून मऊ केसाळ कातडे लावले आणि आतून रेशमी अस्तर घातले, की झाला मफ. दोन्ही बाजूंनी एकेक हात आत घालायचा आणि ऊब घेत चालायचे. काश्मीरला हिवाळ्यात गेलेल्यांनी फिरनच्या आत हात घेऊन कांगडी कुरवाळणारी माणसे पाहिली असतील. हेतू तोच. फरक इतकाच की कांगडी गरिबाघरीही असते, मफ मात्र पुष्कळ काळ पैसेवाल्यांचीच मिरासदारी होती.

सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत, म्हणजे सुमारे सव्वातीनशे वर्षे, युरोपच्या हिवाळ्यात मफ मिरवला गेला. आज रस्त्यावर तो जवळजवळ दिसत नाही. तो राहिला आहे चित्रांमध्ये. त्याचा माग काढायचा तर लंडनसारखे शहर नाही, कारण मफची सर्वांत सुंदर चित्रे ज्याने काढली तो कलावंत इथेच राहिला आणि इथेच वारला. शिवाय फरचा बाजारही इथेच भरायचा. एका दिवसात, बहुतेक पायी, हा सगळा माग काढता येतो. मात्र सकाळी लवकर निघायला हवे. डिसेंबरात लंडनला आठच्या सुमारास उजाडते आणि चारच्या आत सूर्य मावळतो.

केसागणिक एक रेघ

सुरुवात ब्रिटिश म्युझियमपासून करावी. तिथल्या ममी आणि ग्रीक मूर्ती पाहायला जगभरची माणसे गर्दी करतात, पण त्याच इमारतीत कागदावरच्या चित्रांचा एक अभ्यासकक्ष आहे. आधी कळवून वेळ ठरवली की तिथे जुनी चित्रे जवळून पाहायला मिळतात. त्याला पैसे पडत नाहीत. तिथे वेन्सेस्लॉस होलर या नावाच्या पेट्या मागवाव्यात.

होलर मूळचा प्राग शहराचा. जन्म 1607 चा. अरंडेलचा अर्ल हा इंग्लंडचा बडा सरदार आणि कलेचा मोठा शौकीन. 1636 मध्ये तो वकिलातीच्या कामासाठी जर्मनीत गेला असताना त्याने होलरला हेरले आणि आपल्याबरोबर लंडनला आणले. होलरचे काम एचिंगचे. तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा लेप द्यायचा, त्यावर सुईने रेघा ओढून लेप खरवडायचा, मग पत्रा आम्लात ठेवायचा. जिथे तांबे उघडे पडले असेल तिथे आम्ल ते खाते. त्या खाचांत शाई भरून कागदावर दाब दिला की चित्र उमटते. होलरने आयुष्यात असे सुमारे 2,700 पत्रे केले. शहरे, गिरिजाघरे, जहाजे, फुलपाखरे, शिंपले, स्त्रियांचे पोशाख, त्याने काहीही सोडले नाही.

आणि मफ! 1640 च्या दशकात त्याने मफची चित्रे पुन्हा पुन्हा काढली. त्यांतले 1647 चे एक फार प्रसिद्ध आहे. एका टेबलावर काही मफ विसावले आहेत, बाजूला हातमोजे, लेस, पंखा अशा वस्तू. माणूस कुठेच नाही. कुणी बाई नुकतीच बाहेरून आली, सगळे टेबलावर टाकून आत गेली, असे वाटते. चित्र अगदी लहान, पोस्टकार्डापेक्षा थोडे लांब. पण फरचा प्रत्येक केस वेगळा काढलेला. कुठे तो उभा राहिला आहे, कुठे हाताच्या दाबाने बसला आहे, कुठे त्यावरून उजेड घसरतो आहे. काळ्या शाईच्या रेघांतून मऊपणा दाखवणे हे सोपे काम नव्हे. बघता बघता बोट पुढे होते. कक्षातली माणसे त्याबाबत फार दक्ष असतात, हे लक्षात ठेवलेले बरे!

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. 1642 मध्ये इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटले. होलरचा आश्रयदाता अर्ल देश सोडून गेला. 1644 मध्ये होलरही बायकामुलांसह अँटवर्पला निघून गेला आणि 1652 पर्यंत परतला नाही. म्हणजे 1647 चे ते मफ त्याने परक्या गावी, पोटासाठी काम करताना काढले.

कॉर्नहिलची बाई

होलरचे दुसरे चित्र डोळ्यांत साठवून आपण बाहेर पडू. त्याने चार ऋतूंच्या चार स्त्रिया काढल्या आहेत. त्यांतली हिवाळ्याची स्त्री 1643 ची. डोक्यावर टोपडे, चेहऱ्यावर काळा मुखवटा, गळ्याशी फर आणि हातात भला मोठा मफ. मुखवटा चोरट्या भेटीसाठी नव्हे. वाऱ्याने गालाची कातडी फुटू नये म्हणून त्या काळच्या बड्या बायका तो लावीत. चित्राखाली चार ओळींचे खट्याळ पद्य आहे. हिने जनावरांची केसाळ कातडी पांघरली ती क्रूरपणाने नव्हे, थंडीमुळे, असा बचाव त्यात केला आहे आणि पुढे थोडा चावटपणाही. पावणेचारशे वर्षांपूर्वी फरच्या संदर्भात क्रूरपणा हा शब्द कुणाला तरी सुचला होता, याची गंमत वाटते.

ती बाई जिथे उभी आहे तो रस्ता आजही आहे. म्युझियमपासून होलबर्न स्टेशनला चालत यावे, सेंट्रल लाइनची गाडी पकडावी आणि बँक स्टेशनवर उतरावे. वर आले की समोर रॉयल एक्स्चेंजची खांबांची इमारत आणि तिच्या कुशीतून जाणारा रस्ता म्हणजे कॉर्नहिल. होलरच्या चित्रात मागे रॉयल एक्स्चेंजचा मनोरा दिसतो, तो मात्र हा नव्हे. 1571 मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीने उद्घाटन केलेली ती इमारत 1666 च्या महाभयंकर आगीत भस्मसात झाली. दुसरी 1838 मध्ये जळाली. आजची तिसरी, 1844 ची. व्यापाऱ्यांच्या या जुन्या बाजारात आता उंची वस्तूंची दुकाने आणि कॉफीची टेबले आहेत.

इथून दहा-बारा मिनिटांवर सीदिंग लेन आहे. तिथे सॅम्युएल पीप्स राहायचा. आरमाराच्या कचेरीतला हा अधिकारी आपल्या रोजनिशीमुळे अमर झाला. 30 नोव्हेंबर 1662 च्या नोंदीत तो सांगतो की आज आपण पहिल्यांदा मफ वापरला. तो होता बायकोचा आदल्या वर्षीचा. तिला नवा घेऊन दिला आणि जुना स्वतः ठेवून घेतला! नवऱ्याची जुनी छत्री बायकोने वापरावी, तसलाच हा संसारी काटकसरीचा प्रकार. त्या काळात पुरुषही बिनदिक्कत मफ वापरीत, हेही यावरून कळते. मफ केवळ बायकांचा झाला तो पुढे, एकोणिसाव्या शतकात. तेव्हा त्यात पैशाचे पाकीट, पत्रे, अत्तराची कुपी असे सगळे मावायचे. मफमध्ये मावणाऱ्या छोट्या पिस्तुलाला तर 'मफ पिस्तूल' हेच नाव पडले.

याच कॉर्नहिलवर आणखी एकजण आपल्याला भेटतो, पण तो कागदावरचा. चार्ल्स डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरोल' मधला गरीब कारकून बॉब क्रॅचिट. नाताळच्या आदल्या संध्याकाळी कंजूष मालकाच्या कचेरीतून सुटल्यावर तो कॉर्नहिलच्या गोठलेल्या उतारावर पोरांबरोबर वीस वेळा घसरगुंडी खेळतो. अंगात ओव्हरकोट नाही, तो त्याला परवडत नाही. आहे तो फक्त लांबलचक पांढरा मफलर, कमरेच्या खाली लोंबणारा. डिकन्सचे पुस्तक आले 1843 मध्ये, होलरच्या बाईनंतर बरोबर दोनशे वर्षांनी. एकाच रस्त्यावर एक मफवाली, एक मफलरवाला. दोघांच्या मध्ये दोनशे वर्षे, पण थंडी वाटून घेण्याची रीत फारशी बदललेली नव्हती.

गल्लीतला लिलाव

कॉर्नहिलच्या दक्षिण बाजूला एका बोळातून चेंज ॲली नावाच्या अरुंद गल्लीत शिरता येते. उंच भिंती, थोडा उजेड, आपल्या जुन्या पेठेतल्या बोळासारखे वळण. इथे भिंतीत एक कोरीव दगड आहे, त्यावर मोठा नाकतोडा. इथे गॅरवेचे कॉफीगृह होते, हे तो सांगतो. हडसन्स बे कंपनीने आणलेल्या कातड्यांचा पहिला लिलाव 1672 च्या जानेवारीत इथेच झाला. आपल्याकडे ईस्ट इंडिया कंपनी, तशी उत्तर अमेरिकेत ही कंपनी. राजा दुसरा चार्ल्स याने तिला 1670 मध्ये सनद दिली.

त्याआधी उंची फर यायची ती मुख्यतः रशियाकडून. त्या व्यापारासाठी 1555 मध्येच मस्कोव्ही कंपनी स्थापन झाली होती. हडसनच्या उपसागराकडून आली ती प्रामुख्याने बीव्हरची कातडी, आणि ती जायची हॅटसाठी. पण त्याच जहाजांतून मार्टेन, पाणमांजर, कोल्हा अशी इतर कातडीही येत. तिकडचे आदिवासी शिकारी सापळे लावीत, कातडी कंपनीच्या ठाण्यांवर आणीत आणि त्या बदल्यात बंदुका, किटल्या, घोंगड्या घेऊन जात. तिथल्या स्त्रिया कातडी खरवडून, ताणून, वाळवून तयार करीत. बर्फातल्या त्या हातांची चित्रे कोणत्याही चित्रकाराने रंगवून लंडनच्या दिवाणखान्यात टांगली नाहीत. त्यांच्या कष्टाचा शेवट ज्या मफमध्ये व्हायचा, त्याची मात्र टांगली गेली.

ही कंपनी साडेतीनशे वर्षे टिकली. शेवटी तिचा कारभार मोठमोठ्या दुकानांचा होता. 2025 मध्ये कॅनडातली तिची सगळी दुकाने बंद झाली. चेंज ॲलीतला दगड जागच्या जागी आहे.

गोठलेली नदी

आता दक्षिणेकडे चालत लंडन ब्रिज ओलांडायचा. पुलावर वारा असा येतो की मफचा शोध कुणाला आणि का लागला असेल, हे पुस्तक न वाचता समजते. पलीकडे उतरले की सदर्क कॅथीड्रल. याच्या मनोऱ्यावरून दिसणाऱ्या देखाव्याची रेखाटने करून होलरने लंडनचे लांबच लांब चित्र केले. नदी, पूल, शेकडो घरे आणि गिरिजाघरांचे सुळके. आग लागण्यापूर्वीचे लंडन कसे होते हे सांगणारा हा मोलाचा पुरावा. तेही 1647 मध्येच, अँटवर्पला बसून पुरे केले. त्यात शेक्सपिअरच्या ग्लोब नाट्यगृहाचे आणि अस्वलांच्या झुंजीच्या आखाड्याचे नाव चुकून एकमेकांच्या जागी पडले आहे. सोडून आलेल्या शहराचे चित्र इतके नेमके करणाऱ्या माणसाला एवढी चूक माफ करायला हरकत नाही. कॅथीड्रलमध्ये होलरच्या नावाचा स्मृतिफलक आहे.

नदीकाठाने पश्चिमेला गेले की सदर्क ब्रिजच्या खाली पादचाऱ्यांचा बोगदा लागतो. त्याच्या भिंतीवर पाटीच्या दगडात कोरलेली चित्रे आहेत, थेम्स नदीवर भरणाऱ्या जत्रांची. नदीवर, म्हणजे अक्षरशः नदीवर! त्या काळात हिवाळे अधिक कडक असत. शिवाय जुन्या लंडन ब्रिजच्या कमानी इतक्या अरुंद होत्या की पाणी तुंबून राही आणि गोठे. 1683-84 च्या हिवाळ्यात नदी सुमारे दोन महिने गोठलेली होती. बर्फावर तंबूंची रांग लागली, बैल भाजले गेले, घोडागाड्या धावल्या. छापखानाही थाटला गेला. लोक आपले नाव आणि 'थेम्सवर छापले' असे शब्द असलेले कार्ड विकत घेत. खुद्द राजाने घरच्या मंडळींच्या नावांचे कार्ड छापून घेतले. सरदारणी मफात हात घालून मजा पाहायला येत. नावाडी मात्र बेकार झालेले असत. त्यांचे पोट वाहत्या पाण्यावर. म्हणून तेच बर्फावर तंबू ठोकून चार पैसे मिळवीत.

शेवटची अशी जत्रा 1814 च्या फेब्रुवारीत भरली. 1831 मध्ये जुना पूल पाडला, पुढे नदीला घाट बांधले, प्रवाह वेगवान झाला. हवामानही उबदार होत गेले. शहराच्या मध्यात थेम्स पुन्हा तशी गोठली नाही.

नटीच्या मांडीवरचा मफ

काठाकाठाने चालत जाऊन हंगरफोर्डच्या पादचारी पुलावरून पलीकडे गेले की ट्रॅफल्गार चौक आणि नॅशनल गॅलरी. प्रवेश विनामूल्य. इथे टॉमस गेन्सबरोचे 1785 चे 'मिसेस सिडन्स' शोधायचे. लाल पडद्यापुढे बसलेली स्त्री, निळ्या पट्ट्यांचा रेशमी झगा, पिसांची काळी हॅट, गळ्यात काळी फीत आणि मांडीवर फरचा मोठा मफ. 1780 च्या दशकात मफ एवढे फुगले होते की छोटे कुत्रे त्यात सहज झोपावे.

सारा सिडन्स ही तिच्या काळची सर्वश्रेष्ठ शोकनटी. तिचे आईवडील फिरत्या नाटक कंपनीतले. ती लहानपणापासून रंगमंचावर राबली. मुलेबाळे सांभाळून गावोगाव प्रयोग केले आणि मग लंडनने तिला डोक्यावर घेतले. नाटकात काम करणाऱ्या बाईकडे समाज कसा पाहायचा, हे मराठी वाचकांना वेगळे सांगायला नको. जोशुआ रेनॉल्ड्सने तिला आदल्याच वर्षी शोकनाट्याची देवता म्हणून सिंहासनावर बसवले होते. गेन्सबरोने तिला घरंदाज स्त्रीसारखे, कुणाच्या तरी घरी भेटीला आल्यासारखे रंगवले. तो मफ तिथे उगीच नाही. ज्या बाईला हाताने काही करावे लागत नाही तीच दिवसभर दोन्ही हात अडकवून फिरू शकते. मफ पाहणाऱ्याला हेच सांगायचा. मिसेस सिडन्सला मात्र जन्मभर काम करावे लागले. तिने कमावलेला मान चित्रकाराने या एका वस्तूने दाखवला आहे.

इतर देशांतही मफची नामांकित चित्रे आहेत. पॅरिसच्या लूव्रमध्ये व्हिजे लब्रँ या चित्रकर्तीने 1786 मध्ये रंगवलेली अभिनेत्री मोले-रेमाँ प्रचंड मफ सावरीत लगबगीने निघाली आहे. मॉस्कोत क्रामस्कॉयची 1883 ची 'अनोळखी स्त्री' उघड्या बग्गीत मफ घेऊन बसली आहे आणि रस्त्यावरच्या माणसांकडे वरून पाहते आहे. त्यांच्यासाठी वेगळे प्रवास करावे लागतील.

तासाला चार पेन्स

अंधार पडता पडता व्हाइटहॉलच्या रस्त्याने खाली जावे. पार्लमेंटच्या समोर, वेस्टमिन्स्टर ॲबीच्या सावलीत सेंट मार्गारेट चर्च आहे. त्याच्या अंगणात आता सपाट हिरवळ आहे. 1677 च्या मार्चमध्ये होलरला इथे पुरले.

अँटवर्पहून परतल्यावर लंडनने त्याला काम दिले, पण पैसा दिला नाही. पुस्तकविक्रेत्यांसाठी तो तासाच्या हिशेबाने राबायचा. तासाला चार पेन्स. समोर वाळूचे घड्याळ ठेवायचा आणि कामात कुणी व्यत्यय आणला तर ते आडवे करायचा, म्हणजे न केलेल्या कामाची वाळू गळू नये, असे त्याच्याविषयी सांगतात. 1665 च्या प्लेगमध्ये त्याचा गुणी मुलगा गेला. पुढच्या वर्षी आगीने त्याने हयातभर रेखाटलेले शहरच नाहीसे केले. शेवटच्या आजारात बेलिफ जप्तीसाठी घरात शिरले, तेव्हा निदान ज्या बिछान्यावर पडलो आहे तो मरेपर्यंत नेऊ नका, अशी विनवणी त्याने केली, अशी हकीकत अठराव्या शतकापासून सांगितली जाते.

इंग्लंडमध्ये फरसाठी जनावरे पाळायला 2000 च्या कायद्याने बंदी झाली आणि 2003 पासून तो धंदा थांबला. दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या नव्या पोशाखांत खरी फर असणार नाही, असे 2019 मध्ये जाहीर झाले. होलरने काढलेले मफ कसरीने खाल्ले असतील, त्यांच्या मालकिणींची नावेही कुणाला ठाऊक नाहीत. तासाला चार पेन्स घेऊन ओढलेल्या रेघा मात्र ब्रिटिश म्युझियमच्या पेटीत आहेत. लंडनला जाणाऱ्यांनी त्या मागवून पाहाव्यात. जाताना गळ्यात मफलर असू द्यावा, थंडी खरोखर असते.